भेग सांधायची ती मे महिन्यात

मे महिन्यात भुसावळ-जळगाव पट्ट्यात पारा ४५ अंशांवर गेला की भरदुपारी डांबरी रस्ता ६० अंशांच्या पुढे तापतो. व्हीजी-३० या रस्त्यांवर वापरल्या जाणाऱ्या प्रतीचं डांबर मऊ होण्याचा बिंदू भारतीय मानकानुसार किमान ४७ अंश आहे. याचा अर्थ, ज्या उन्हाला आपण रस्त्याचा शत्रू मानतो, ते ऊन दरवर्षी दोन महिने रस्त्याला जवळजवळ दुरुस्तीच्या तापमानापर्यंत आणून सोडतं. कमी पडतात ते वरचे वीस-पंचवीस अंश. डांबरात लहरी शोषणारी भुकटी मिसळून ते मायक्रोवेव्हने देता येतात. ते बाहेरून द्यावेत का, कशाने द्यावेत आणि त्यासाठी सरकारी पैसा खर्चावा का, हा या लेखाचा विषय. आमचं मत असं, की द्यावेत. पण ठरावीक ठिकाणी, ठरावीक महिन्यात, आणि आयात मालाने नव्हे.

डांबर स्वतःहून सांधतं ही गोष्ट नवी नाही. भेग केसाएवढी असताना तिच्या दोन्ही कडांचं डांबर पुरेसं पातळ झालं, तर केशाकर्षणाने ते भेगेत ओढलं जातं आणि कडा पुन्हा एकजीव होतात. तीन गोष्टी लागतात: डांबर पातळ हवं, कडा एकमेकींना टेकलेल्या हव्यात आणि मध्ये माती-पाणी नको. ८० ते ९० अंशांवर हे काम मिनिटांत होतं, ६० अंशांवर तासन् तास लागतात. मग आपले रस्ते उन्हाळ्यात आपोआप का जुळत नाहीत? काही प्रमाणात जुळतातच. पण वरचा थर ऊन आणि हवेने जुना, कडक झालेला असतो, त्याचा मृदुबिंदू चढलेला असतो. शिवाय उन्हाळ्यात चाकोऱ्या पडू नयेत म्हणून जड वाहतुकीच्या रस्त्यांवर आपण मुद्दाम अधिक कडक व्हीजी-४० किंवा सुधारित डांबर वापरतो. चाकोरी टाळणारं कडक डांबर भेग सांधायला आळशी असतं. हा पेच खानदेशात जेवढा तीव्र आहे तेवढा थंड देशांत नाही.

नेदरलँड्समध्ये २०१० साली ए-५८ महामार्गावर, डेल्फ्टच्या तांत्रिक विद्यापीठातल्या संशोधकांच्या कामातून, डांबरात पोलादी लोकर मिसळलेला पट्टा टाकला गेला. वरून विद्युत-चुंबकीय प्रवर्तनाने लोकर तापवायची आणि तिने भोवतालचं डांबर, अशी ती योजना. पण तिथलं दुखणं वेगळं. तिथे महामार्गांवर सच्छिद्र डांबरी थर असतो आणि त्यातली खडी सुटी होऊन उडते. आपल्याकडे रस्ता घट्ट बांधणीचा; तो दमतो, भेगाळतो, भेगेत पावसाचं पाणी शिरतं आणि आषाढात खड्डा होतो. पोलादी लोकर इथे आणू नये असं म्हणण्याला कारणं अगदी व्यवहारी आहेत. मिक्सरमध्ये तिचे गोळे होतात, गोळा झालेल्या जागी डांबर जळतं आणि दोन गोळ्यांच्या मध्ये ते तापतच नाही. पृष्ठभागावर आलेले तंतू एका पावसाळ्यात गंजतात. मायक्रोवेव्हखाली उघड्या तंतूंच्या टोकांवर ठिणग्याही उडतात.

भुकटीचं तसं नाही. डांबरी मिश्रणात फिलर म्हणजे ७५ मायक्रॉनखालची भुकटी असतेच. तिच्यातला काही भाग मायक्रोवेव्ह शोषणाऱ्या पदार्थाने बदलायचा, एवढाच हा बदल. डांबर स्वतः २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरी फारशा शोषत नाही, चुनखडीही नाही. लोहाचं चुंबकीय ऑक्साइड, म्हणजे मॅग्नेटाइट, ते चांगलं शोषतं; कार्बन आणि सिलिकॉन कार्बाइडही शोषतात. भुकटी डांबरात सर्वत्र पसरलेली असल्याने उष्णता जिथे हवी तिथेच, डांबराच्या पोटात, तयार होते.

इथे खानदेशाला एक गोष्ट फुकट मिळालेली आहे. आपली खडी दख्खनच्या काळ्या दगडाची. बेसॉल्टमध्ये लोहाची ऑक्साइडं साधारण १२ ते १४ टक्के असतात आणि त्यातला थोडा भाग टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइटच्या बारीक कणांच्या रूपात असतो. तापीच्या पात्रात ओहोटलेल्या पाण्याच्या कडेला काळ्या रेतीच्या रेघा दिसतात, चुंबक फिरवलं की ती रेती उभी राहते. ती त्याच दगडातून सुटलेली. (ती रेती फिलरसाठी उपसावी अशी सूचना कुणी केली तर तिथेच थांबवावी. वाळूचा प्रश्न खानदेशात आधीच पुरेसा तापलेला आहे.) ज्या देशांत खडी चुनखडीची आहे, तिथे फिलरने शून्यापासून सुरुवात करायची असते. आपल्याकडे खडी स्वतःच थोडी तापते, आणि ती किती तापते हे मोजल्याशिवाय बाहेरचा एक किलोही माल घेणं म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

मोजणी सोपी आहे, घरगुती मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये होते. क्रशरवरून १० मिमीची खडी आणावी, धुऊन १०५ अंशांवर २४ तास वाळवावी, खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी. ५०० ग्रॅम काचेच्या भांड्यात, थाळीच्या नेमक्या मध्यावर, ६० सेकंद. लगेच हलवून पाच ठिकाणी तापमान घ्यावं. ओव्हन एकसारखा चालतोय का हे पाहायला दर पाच नमुन्यांनंतर २०० मिलिलीटर पाणी तेवढाच वेळ तापवून पाहावं. हीच चाचणी ७५ मायक्रॉनखालच्या कचीवर, म्हणजे क्रशरच्या दगडी भुकटीवर, वेगळी करावी. एकाच तालुक्यातल्या दोन खाणींत फरक निघेल, कारण प्रत्येक लाव्हा प्रवाहाचा थर वेगळा. धुळे-नंदुरबारकडे उभ्या डोलेराइटच्या भिंती आहेत, तो दगड आणखी वेगळा. पांढऱ्या बुंदक्यांचा दगड वेगळा काढावा: त्या बुंदक्यांत बहुधा झिओलाइट असतं, त्यात पाणी अडकलेलं असतं, आणि ते पाणी लहरी शोषून वाफ होतं. असा दगड ओव्हनमध्ये झकास तापतो, पण ती तापवणूक फसवी. रस्त्यात त्याचा अर्थ तडकलेली खडी आणि सुटलेलं डांबर. आपल्या भागातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत डांबरी मिश्रणाचे नमुने तपासायचे मार्शलचे साचे असतात. तीन जिल्ह्यांतल्या क्रशरांचा असा नकाशा एका शैक्षणिक वर्षात तयार होऊ शकतो.

प्रयोगशाळेतल्या आकड्यांबाबत एक सावधगिरी. मार्शलचा नमुना सुमारे १२०० ग्रॅमचा असतो आणि मिश्रणाची विशिष्ट उष्णता ०.९२ किलोज्यूल प्रति किलो-अंश धरता येते. ८०० वॅटच्या ओव्हनने मिनिटभरात ४८ किलोज्यूल दिले आणि सगळे शोषले गेले, तरी नमुना सुमारे ४३ अंशांपेक्षा जास्त चढू शकत नाही. कुणी मिनिटात शंभर अंश चढवल्याचं सांगितलं, तर एकतर नमुना छोटा आहे किंवा पृष्ठभागावरचा एकच तापलेला ठिपका मोजला आहे. उलटी चूकही होते: मायक्रोवेव्हमध्ये पोट आधी तापतं आणि वरची त्वचा हवेने थंड होते, म्हणून पृष्ठभागाचं तापमान मोजणारी इन्फ्रारेड बंदूक कमी दाखवते आणि आत डांबर १८० अंशांपुढे जाऊन धूर सोडू लागलेलं असतं. नमुन्यात भोक पाडून थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, घालणं, तेही लहरी बंद केल्यावर लगेच, हाच भरवशाचा मार्ग.

आता बाहेरून घालायची भुकटी. जालना खानदेशाला लागून आहे आणि तिथल्या लोखंडी सळ्यांच्या रोलिंग मिलमध्ये तापलेल्या लोखंडावरून पापुद्रा सुटतो, त्याला मिल स्केल म्हणतात. तो जवळजवळ पूर्ण लोह-ऑक्साइड, आणि त्यात मॅग्नेटाइट भरपूर. हा आमच्या मते पहिला उमेदवार. कोरडा, भरड पापुद्राच घ्यावा. टाक्यांच्या तळाचा तेलकट गाळ नको, कारण ते तेल डांबराला पातळ करतं आणि चाकोरीला आमंत्रण देतं. पापुद्रा चपटा आणि कठीण असतो, म्हणून बॉल मिलमध्ये दळून ६०० मायक्रॉनच्या चाळणीतून १०० टक्के, ३०० मधून किमान ९५ आणि ७५ मधून किमान ८५ टक्के, अशी रस्ते मंत्रालयाच्या विनिर्देशातली फिलरची प्रत गाठावी लागते. दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राची राख हा दुसरा, दुबळा उमेदवार. तिच्यातला चुंबकाला चिकटणारा अंश वेगळा काढला तर उपयोगी, सरसकट राख नाही. न जळलेला कोळसा जास्त असेल तर ती डांबर पिऊन टाकते. टायर जाळून मिळणारी काजळी तापते छान, पण तिची प्रत दर खेपेला बदलते.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो वजनाचा. समजा एक टन बीसी (बिटुमिनस काँक्रीट, रस्त्याचा सर्वांत वरचा डांबरी थर) मिश्रणात २० किलो दगडाची भुकटी बदलायची आहे. तिची विशिष्ट घनता २.८५ धरली तर तिची जागा ७ लिटर. मॅग्नेटाइटची घनता ५.२ च्या आसपास, म्हणून तेवढीच जागा भरायला सुमारे ३६ किलो लागतं. कुणी वजनाला वजन म्हणून २० किलोच टाकलं तर चार लिटरहून कमी जागा भरली जाते, डांबर मोकळं राहतं आणि पहिल्याच उन्हाळ्यात रस्ता वर डांबर ओकतो. राखेचं नेमकं उलट: घनता २.१, २० किलोची जागा साडेनऊ लिटर, मिश्रण कोरडं पडतं आणि रोलरखाली फाटतं. म्हणून बदल आकारमानानेच करायचा आणि मार्शल डिझाइन नव्याने करायचं. खडीची एकत्रित घनता बदलल्याने डांबराची टक्केवारीही बदलून दिसते. ३०-४० मिमीच्या बीसीला विनिर्देश किमान ५.४ टक्के डांबर सांगतो, तो नेहमीच्या घनतेच्या खडीला धरून. हवेच्या पोकळ्या ३ ते ५ टक्के, स्थिरता किमान ९ किलोन्यूटन आणि पाण्यात ठेवल्यानंतर उरणारं ताणबळ मूळच्या किमान ८० टक्के, या अटींत सूट नको. आणि चुना काढून त्या जागी लोह घालू नये. चुन्याचा एक टक्का पाण्यापासून डांबराची पकड टिकवतो, ते काम लोह करत नाही.

प्रमाण वाढवत गेलं की फायदा वाढतो हा भ्रमही सोडावा. शोषक फार झाला तर लहरी वरच्या एक-दोन सेंटिमीटरमध्येच संपतात. वर धूर आणि खाली थंड, अशी स्थिती होते. आणि थकव्याच्या भेगा बरेचदा थराच्या तळातून वर येतात. काळा दगड स्वतः शोषतो, म्हणून आपल्याला बाहेरच्या पुस्तकांतल्या प्रमाणापेक्षा कमी लागणार. किती कमी, ते ओव्हन सांगेल.

प्लांटवर माल बिघडण्याची शक्यता कागदापेक्षा जास्त. आपल्याकडच्या डांबरी मिश्रण बनवणाऱ्या अनेक छोट्या ड्रम प्लांटना फिलरची वेगळी टाकी नसते. भुकटी खडीच्या थंड बिनमध्येच ओतली तर ड्रममधल्या ज्वाळेच्या झोतात ती उडते आणि धूर धुणाऱ्या ओल्या स्क्रबरच्या तळ्यात जाऊन बसते. पैसे रस्त्याचे, लोह तळ्यात. म्हणून स्क्रूने चालणारी वेगळी फिलर-टाकी आणि डांबराच्या फवाऱ्यानंतर भुकटीचा प्रवेश, ही अट निविदेतच हवी. तपासणी मात्र आश्चर्यकारक सोपी आहे, आणि हा या फिलरचा न बोलला जाणारा गुण. पाच ट्रकमधून नमुने घ्या, सेंट्रिफ्यूजमध्ये डांबर धुऊन काढा, ७५ मायक्रॉनखालचा भाग वाळवा आणि त्यातला चुंबकाला चिकटणारा अंश तोला. निव्वळ कचीचा आकडा आधीच माहीत असेल तर फरक लगेच कळतो. साध्या फिलरमध्ये कंत्राटदाराने काय घातलं हे शोधणं अवघड. इथे चोरी चुंबक पकडतं.

आता उष्णतेचा हिशेब, कारण निर्णय तिथेच होतो. ४० मिमीच्या थराचं एका चौरस मीटरला वजन सुमारे ९६ किलो. तो ८५ अंशांवर न्यायचा. जानेवारीत दुपारी थर २५ अंशांवर असेल तर ६० अंश चढवायला लागतात १.४७ युनिट. मे महिन्यात तो आधीच ६० वर असतो, २५ अंशांना ०.६१ युनिट पुरतात. मॅग्नेट्रॉन (लहरी तयार करणारा भाग), परावर्तन, खाली झिरपणारी उष्णता धरून अर्धी ऊर्जा वाया जाते असं मानलं तर जनरेटरमधून २.९ आणि १.२ युनिट. दोन पदरी रस्त्याच्या फक्त चाकांच्या रेषा घेतल्या, म्हणजे एकूण ३ मीटर रुंदी, तर किलोमीटरला ३००० चौरस मीटर. लिटरला ३.३ युनिट धरून डिझेल मे महिन्यात सुमारे ११०० लिटर, जानेवारीत २७०० च्या घरात. रस्त्यात प्रत्यक्ष ५० किलोवॅट उतरवणारं यंत्र असेल तर मेमध्ये ३७ तास, जानेवारीत ८८. हे कागदावरचं गणित आहे, उघड्यावरचा वारा त्यात नाही. पण प्रमाण बदलत नाही: निम्म्याहून जास्त काम सूर्य करतो. नेदरलँड्सला हे कधीच मिळणार नाही.

आणखी एक कारण मे महिन्याच्या बाजूने आहे. पाणी मायक्रोवेव्ह जोरात शोषतं, आणि एक किलो पाण्याची वाफ करायला २२५७ किलोज्यूल लागतात. भेगेत ओल असेल तर डिझेल पाणी उकळण्यात जातं आणि वाफ खडीवरून डांबर सोलते. मृगाच्या आधी भेग कोरडी असते. नंतर चार महिने हे यंत्र शेडमध्ये शोभेल.

अडचण वेगळीच आहे. ८५ अंशांवर गेलेला रस्ता मेच्या दुपारी निवत नाही, आणि त्यावरून रावेर-यावलचा केळीने भरलेला ट्रक गेला तर भेग मिटेल पण चाकोरी पडेल. म्हणून वेळापत्रक असं हवं: दुपारी साडेतीन ते साडेसहा तापवणं, मागोमाग रबरी चाकांच्या रोलरच्या दोन-तीन फेऱ्या, कारण कडा दाबल्याशिवाय जुळत नाहीत, आणि ती मार्गिका पहाटेपर्यंत बंद. भेगेतली धूळ आधी दाबाच्या हवेने काढावी. यंत्राच्या कडेला साखळ्यांचे पडदे हवेत. घरगुती ओव्हनसाठी पाच सेंटिमीटरवर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅटची गळती-मर्यादा असते, रस्त्यावरच्या यंत्राला तिच्याहून ढिली मर्यादा कुणी मागू नये. मोरीच्या स्लॅबवर आणि पुलावर हे काम करू नये, थर पातळ असला तर खालची सळई लहरी परत फेकते. आणि ४५ अंशांत रस्त्यावर उभ्या माणसांच्या पाण्या-सावलीची तरतूद दरातच धरलेली असावी, कंत्राटदाराच्या दयेवर नको.

हे सगळं करून काय सांधणार? इथे उत्साही लोकांशी आमचं जमत नाही. खानदेशातली निम्मी दुखणी डांबराची नाहीतच. तापीकाठची काळी कसदार माती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते, आणि साइडपट्टीजवळ लांबच लांब बोटभर रुंद भेग पडते. ती भेग मातीची आहे. वरचं डांबर कितीही तापवा, पुढच्या वैशाखात ती पुन्हा उघडते. चाळीसगाव-कन्नड घाटात पाणी कुठून येतं आणि कुठे मुरतं याचा विचार आधी हवा. गटार तुंबलेलं असताना फिलरची चर्चा करणं हा वेळेचा अपव्यय आहे. मायक्रोवेव्ह एक मिलिमीटरखालच्या, स्वच्छ, फक्त डांबरी थरातल्या भेगा सांधतो. चाकांच्या रेषांमधली जाळीदार भेग सुरू होण्याआधीची अवस्था, डांबर पसरणाऱ्या पेव्हरच्या दोन पट्ट्यांमधला सांधा आणि खड्डा बुजवलेल्या पॅचच्या कडा, ही त्याची खरी जागा. पॅचच्या कडा तर सर्वांत आधी. आपले पॅच मधे मरत नाहीत, कडेने सुटतात, कारण गरम मिश्रण थंड, धुळकट कडेला चिकटतच नाही. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथल्या टॅकोनाइट या लोहखनिजाच्या खाणींचा मॅग्नेटाइटयुक्त दगड घेऊन नेमकं हेच केलं: पॅच आणि जुन्या रस्त्याची कड दोन्ही मायक्रोवेव्हने एकत्र तापवली. खाणीचा टाकाऊ माल आणि स्थानिक गरज. आपल्याला शिकायचं असेल तर ए-५८ पेक्षा हे जवळचं आहे.

उलट बाजूचा सर्वांत सबळ युक्तिवाद असा, की सिमेंट काँक्रीटचा रस्ता करून टाका, भेगांची कटकट संपते. काळ्या मातीवर काँक्रीटचे स्लॅबही हलतात, आणि तो रस्ता सांधणं डांबरापेक्षा महाग. पण हा वाद महामार्गांपुरता ठेवू. जिल्हा आणि ग्रामीण मार्गांचं हजारो किलोमीटरचं जाळं येत्या वीस वर्षांत काँक्रीटचं होणार नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.

खरा अडथळा तंत्रात नाही, हिशेबाच्या चोपडीत आहे. आपल्या देखभालीच्या पद्धतीत खड्ड्याला दर आहे, भेगेला नाही. मोजमाप पुस्तकात ‘इतके चौरस मीटर खड्डे भरले’ असं लिहिता येतं. ‘इतके खड्डे पडू दिले नाहीत’ हे लिहायला रकाना नाही. दोषदायित्वाच्या काळात (काम झाल्यावर ठरावीक मुदतीत दोष दुरुस्त करणं कंत्राटदारावर असतं, तो काळ) कंत्राटदाराला भेग वेळेत सांधण्यात रस नसतो, कारण काळ संपेपर्यंत ती भेगच राहते आणि खड्डा पुढच्याच्या पदरात पडतो. हायब्रीड ॲन्युइटीच्या, म्हणजे सरकार काही पैसे बांधताना आणि बाकीचे नंतर हप्त्यांनी देतं त्या, रस्त्यांवर मात्र बांधणाऱ्याच्याच गळ्यात १५ वर्षांपर्यंत देखभाल असते. तिथे हा फिलर त्याला स्वतःच्या खिशासाठी परवडेल, सरकारने फक्त आडवं येऊ नये. बाकी रस्त्यांसाठी दोन गोष्टी निविदेत याव्यात: ‘शोषक फिलर, आकारमानाने’ अशी वेगळी बाब, चुंबक-चाचणीसह, आणि दर दुसऱ्या मेमध्ये चाकरेषा तापवण्याचा प्रति चौरस मीटर दर. यंत्र विकत घेण्याचा मोह टाळावा. तीन जिल्ह्यांना मिळून एक भाड्याने पुरेल. वर्षात ते चालणार सहा आठवडे.

सुरतजवळ हजीरा इथे २०२२ साली पोलाद-मळीचा (पोलाद कारखान्यातल्या टाकाऊ स्लॅगचा) रस्ता झाला, केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या देखरेखीखाली, आणि तो धुळ्याहून जाणाऱ्या ५३ क्रमांकाच्या महामार्गाच्या त्या टोकाला आहे. टाकाऊ लोह-माल रस्त्यात घालायला देशात मनाई नाही हे त्यातून दिसतं. खानदेशाने या टोकाला एक किलोमीटर करून पाहावा. ७ मीटर रुंद, ४० मिमी बीसी, एकूण ६७२ टन मिश्रण, त्यातल्या ८०० मीटरच्या मिश्रणात टनाला ३६ किलोने सुमारे १९ टन दळलेलं मिल स्केल: मोठ्या ट्रकची एक खेप. निचरा चांगला असलेला, मुरमाच्या भरावावरचा तुकडा निवडावा, म्हणजे मातीचा दोष डांबराच्या नावावर लागणार नाही. उरलेले २०० मीटर नेहमीच्या फिलरचे ठेवावेत आणि तेही यंत्राखाली तापवावेत, कारण काळ्या दगडाने एकट्याने किती काम केलं हे तिथेच दिसणार. आणखी २०० मीटर फिलर घालूनही तापवू नयेत, नुसत्या उन्हावर सोडावेत. चार उन्हाळे दर जूनच्या पहिल्या आठवड्यात भेगांची लांबी टेपने मोजून गावाच्या फलकावर लावावी.